इजिप्तला पहिल्यांदाच निघालात, ताई? एवढं सांभाळा

नवी लेन्स घेऊ नका, कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची पुरे. निघण्याआधी दोन दुपारी भुईकोट किल्ल्यात घालवा. आपल्या सोलापूरच्या उन्हात हात बसला की लक्सरला, त्या देवळं-थडग्यांच्या गावात, फोटो काढणं जड जाणार नाही.

- उजळ वाळूला कॅमेरा फसतो, फोटो काळपट येतो. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ करा.
- थडग्यांत फ्लॅश अजिबात नाही, ते रंग तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत! आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) ३२००, शटर १/६० सेकंद, कोपरं छातीशी घट्ट. भिंतीला टेकू नका.
- वाऱ्यात लेन्स बदलू नका. सेन्सरवर धूळ बसली की प्रत्येक आकाशात तोच डाग.

लक्सरच्या कर्नाक मंदिरातल्या १३४ खांबांत एखाद्याच्या बुंध्याशी माणूस उभा करा, नाहीतर उंची कळतच नाही. गाईड बोलताना ऐका. गट पुढे सरकला की मागची जागा अर्धा मिनिट रिकामी होते, तेव्हा टिपा. गाईडचा झेंडा मात्र नजरेआड होऊ देऊ नका.