रस्त्याचा खर्च कोणी द्यायचा हे ठरवण्याआधी खाली काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या गल्लीचा रस्ता पार उखडलाय, तरी यावर्षी पालिकेने शेजारच्या, त्यामानाने बऱ्या गल्ल्या कामाला घेतल्या. तुमची गल्ली तीन वर्षांनी पूर्ण नव्याने करू म्हणाले आणि त्यातला काही खर्च घरमालकांनी द्यावा असा प्रस्ताव आहे, पुढच्या बैठकीत हो की नाही सांगायचंय. लोक चिडलेत आणि सरळ विरोध करावा का असं तुम्ही विचारताय.

मी आमच्या भागातल्या रहिवाशांच्या समितीत नऊ वर्षं आहे, त्यातली निम्मी रस्त्यांच्या भांडणातच गेली, म्हणून मत आधीच सांगते. आत्ता विरोधही ठरवू नका आणि पाठिंबाही ठरवू नका. तुमच्या हातात फक्त एक आकडा आहे, त्या आकड्यात नक्की काय मिळणार आणि ते किती वर्षं टिकणार हे कोणी तुम्हाला सांगितलेलंच नाही. ते न कळता वर्गणीवर वाद घालणं म्हणजे काय घ्यायचंय हे माहीत नसताना भाव करणं.

आधी "चांगल्या गल्ल्या आधी का" हे बघू, कारण राग मुख्यतः त्याचाच आहे. डांबरी थरात वजनाने साधारण 95 टक्के खडी आणि बारीक कच असते, डांबर 5 टक्क्यांच्या आसपास, पण सगळं धरून ठेवतं ते तेवढं डांबरच. ऊन आणि हवेने ते हळूहळू कडक होतं, मग ठिसूळ, मग बारीक भेगा पडतात. इथपर्यंत रस्ता वरून ठीकच दिसतो आणि कोणी तक्रारही करत नाही. पुढे त्या भेगांमधून पाणी आत जातं, खालचा खडीचा थर नरम पडतो, वरून गाडी गेली की थर दबतो आणि परत वर येतो, असं हजारो वेळा झालं की मगरीच्या पाठीसारख्या भेगांचं जाळं उठतं आणि त्यातला एकेक तुकडा निघाला की झाला खड्डा. भेगा बारीक असेपर्यंत त्या भरून वर स्लरी सील (डांबर आणि बारीक कच यांचा पातळ थर) मारलं तर थोडक्या पैशात रस्त्याला आणखी काही वर्षं मिळतात. पण एकदा खालचा थर गेला की वर काहीही मारा, ते टिकत नाही, स्लरी सीलने रस्त्याला ताकद येतच नाही, ते फक्त पाणी अडवतं. त्यामुळे जो रस्ता अजून वाचू शकतो त्याला आधी वाचवायचा हा इंजिनियरचा हिशोब चुकीचा नाहीये. सगळे पैसे दरवर्षी सगळ्यात वाईट रस्त्यावर घातले तर तेवढ्यात चार बरे रस्ते वाईट होऊन रांगेत येतात, ही रांग कधी संपत नाही.

यासाठी रस्त्यांना 0 ते 100 मध्ये गुण द्यायची पद्धत आहे, अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी 1970 च्या दशकात बसवलेली, आज जगात खूप ठिकाणी वापरतात. भेगा कुठल्या प्रकारच्या, किती लांब, किती खोल, खड्डे किती, हे मोजून गुण कापत जातात. तुमच्या पालिकेने असा काही सर्व्हे केलाय का हे पहिलं विचारा, आणि केला असेल तर फक्त तुमच्या गल्लीचे नाही, सगळ्या गल्ल्यांचे गुण मागा. क्रम गुणांनुसार लागला असेल तर तो लोकांना समजावता येतो. गुणच नसतील, किंवा असूनही क्रम वेगळा असेल, तर तुमच्या रागाला खरंच आधार आहे आणि तो तिथे मांडा.

मात्र शेवटी नंबर लागला म्हणून तीन वर्षं वाऱ्यावर सोडायचं, हे मान्य करू नका! तोवर रस्ता चालता ठेवायला पालिकेला पैसे वेगळे ठेवावेच लागतील, आणि ते लेखी घ्या. खड्डा बुजवायचा म्हणजे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात खडी-डांबर ओतून फावड्याने थोपटायचं नाही. कडा सरळ चौकोनी कापायच्या, आतलं सुटं काढायचं, कोरडं करायचं, कडांना डांबर लावायचं, थराथराने भरून दाबायचं. असा पॅच तुमच्या तीन वर्षांतला बराचसा काळ काढून देईल, थोपटलेला पहिल्या पावसात निघतो.

आता पाणी. माझ्या दृष्टीने रस्त्याचा निम्मा प्रश्न पाण्याचा आहे, आणि हे नवीन नाही, मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी घेतली तेव्हापासून त्याचा आग्रह हाच होता की गाड्यांचं ओझं शेवटी खालची जमीनच पेलते, ती कोरडी राहिली पाहिजे. त्याच्या रस्त्यांत डांबर नव्हतं, नुसती फोडलेली खडी, मधे थोडा उंचवटा आणि बाजूला पाणी जायला वाट. म्हणून एस्टिमेटमध्ये गटारांचं काम आहे का बघा, रस्त्याला मधून दोन्ही कडांकडे ढाळ किती धरलाय बघा (डांबरी रस्त्याला साधारण 2 ते 2.5 टक्के असतो, म्हणजे मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर), आणि जुना थर खरवडून काढणार की त्याच्यावरच नवीन चढवणार हे विचारा. वरच्यावर चढवत गेलं की रस्त्याची लेव्हल घरांच्या जोत्याच्या वर जाते, चेंबरची झाकणं खड्ड्यासारखी खाली राहतात आणि पाणी रस्त्यावरून थेट अंगणात. एकदा असं झालं की पुढची वीस वर्षं त्या घरांना ते भोगावं लागतं, आणि रस्ता चांगला झाला म्हणून बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही.

आणि पाईप. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमच्याकडे हेच चुकलं. आमचा रस्ता झाला तेव्हा आम्ही जाडी, दर्जा, खर्च सगळं विचारलं होतं, पण खालून गेलेली पाण्याची लाईन किती जुनी आहे हे कोणीच विचारलं नाही. आठ महिन्यांत ती दोन ठिकाणी फुटली, मग तिसऱ्या ठिकाणी, मग पाणीपुरवठावाल्यांनी सांगितलं की आता पूर्ण लाईनच बदलतो, आणि नवाकोरा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरला. चर बुजवला तो एकदम भरून वरून दाबलेला, सहा महिन्यांत तेवढी पट्टी खचली, तिच्यात पाणी साठायला लागलं आणि शेजारचा न खोदलेला भागही भेगाळला. त्या रस्त्यासाठी आमच्यातल्या काहींनी अडचण सोसून वाटा भरला होता, त्यांच्याकडे बघायला मला अजून जड जातं. म्हणून सांगते, बैठकीत एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली तर हाच विचारा: पाणी, सांडपाणी, गॅस, वीज, केबल, या सगळ्यांच्या लाईनी बदलायचं पुढच्या दहा वर्षांतलं नियोजन काय आहे, आणि ते काम रस्त्याआधी होणार का. तुमची गल्ली तीन वर्षांनी घ्यायचं कारण हेच असेल, म्हणजे आधी पाईप बदलणार असतील, तर थांबणं तुमच्याच फायद्याचं आहे. आणि नवीन रस्ता झाल्यावर अमुक वर्षं खोदाईला परवानगी नाही, आणीबाणीत खोदलंच तर थराथराने भरून चराच्या दोन्ही बाजूंचा थोडा जास्त भाग कापून नवीन थर द्यायचा, अशी अट ठरावातच घालून घ्या.

काँक्रीट करून टाका असं कोणीतरी म्हणेलच. काँक्रीट जास्त टिकतं हे खरंय, पण सुरुवातीचा खर्च जास्त, पाणी मारून क्युरिंग नीट झालं पाहिजे, सांधे व्यवस्थित कापून भरले पाहिजेत, आणि खालचे पाईप जुने असतील तर ते फोडून परत नीट जोडणं डांबरापेक्षा कितीतरी कठीण. पाईप नवे झाल्याशिवाय मी काँक्रीटला हो म्हणणार नाही.

खर्चाची तुलना एकूण आकड्याने करू नका, वर्षामागे किती पडतो ते काढा. समजा एका उपायाचा खर्च 1 आणि तो चार वर्षं टिकतो, दुसऱ्याचा 3 आणि तो पंधरा वर्षं टिकतो, तर महाग दिसणारा दुसरा वर्षाला 0.2 पडतो आणि पहिला 0.25. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे खरे आकडे इंजिनियरकडून घ्या, आणि ते लोकांसमोर बोलून दाखवायला सांगा, नुसता कागद नको.

आता वर्गणी. रस्ता सगळ्यांचा, मग घरमालकांनीच का द्यावं हा प्रश्न जगात सगळीकडे विचारला जातो. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी रस्ता सुधारला की लगतच्या मालकांकडून वाटा घ्यायची पद्धत होती, लोकांना एकदम मोठी बिलं यायला लागली, विरोध वाढला आणि बव्हेरिया राज्याने 2018 मध्ये ती पद्धत बंदच केली, गावांना त्याबदली राज्याकडून निधी सुरू झाला. म्हणजे पद्धत बदलता येते, पण पैसा कुठून तरी यावाच लागतो हेही त्यातून दिसतं. माझ्या मते हे ठरवताना रस्ता कोण वापरतं ते बघावं. 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली होती, त्यात दिसलं की रस्त्याचं नुकसान अ‍ॅक्सलवरच्या (चाकांची जोडी ज्याला जोडलेली असते त्या आसावरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट तर नुकसान 16 पट, आणि 1 टनाच्या अ‍ॅक्सलपुढे 10 टनाचा धरला तर जवळजवळ 10,000 पट. तेव्हा तुमची गल्ली बंद टोकाची असेल, तर घरच्या गाड्या रस्त्याचं फारसं काही बिघडवत नाहीत आणि फायदा मुख्यतः तुमचाच, तिथे थोडा वाटा देणं मला रास्त वाटतं. पण तिच्यातून अवजड गाड्यांची ये-जा असेल, लोक शॉर्टकट म्हणून वापरत असतील, तर तो खर्च तुमच्यावर टाकणं अन्याय आहे, तिथे ठाम विरोध करा. चार दिवस सकाळ-संध्याकाळ गाड्या मोजा, वह्या भरा, तो कागद बैठकीत चालतो.

वाटा कसा मोजतात तेही बघा. घराच्या दर्शनी लांबीवर मोजला तर कोपऱ्यावरच्या घराला दोन्ही बाजूंचा पडतो, सगळ्यांना सारखा लावला तर लहान घरवाला मोठ्याइतकाच देतो. निर्दोष पद्धत नाही, पण कोपऱ्याच्या घरांना एकाच बाजूचा, आणि ज्यांचं उत्पन्न तुटपुंजं आहे त्यांना बऱ्याच वर्षांचे हप्ते किंवा घर विकताना वसुली, एवढं तरी मागाच. भाडेकरूंनाही बैठकीला बोलवा, मालकाचा वाटा शेवटी भाड्यातून त्यांच्याच खिशातून जातो आणि त्यांना कोणी विचारत नाही.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून लोक वस्तीच्या सभांमध्ये बसून पालिकेच्या खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवायला लागले, तेव्हा रस्ते पक्के करणं आणि सांडपाणी या मागण्या वरच असायच्या. तिथे शेजारच्या वस्तीची गरज आपल्यापेक्षा किती मोठी हेही मोजलं जायचं. तुमच्या बैठकीत शेजारच्या गल्लीवाल्यांना विरोधक समजू नका, सगळ्या गल्ल्यांनी मिळून गुणांची यादी मागितली तर ती लवकर मिळते.

काम सुरू झाल्यावरचं थोडक्यात. डांबर गरम असतानाच दाबायचं असतं, साधारण 140-160 अंशांना तयार होतं आणि 80-90 च्या खाली गेलं की रोलर फिरवून उपयोग नाही, त्यामुळे ट्रक येऊन तासन्तास उभा असेल तर लगेच विचारा. पाऊस पडत असताना किंवा ओल्या पृष्ठभागावर थर टाकू देऊ नका. काम झाल्यावर कोअर (रस्त्यातून कापलेला गोल नमुना) काढून जाडी मोजतात, ते काढताना समितीचे दोघेजण हजर राहतील असं आधीच लिहून घ्या. आणि डिफेक्ट लायबिलिटी (दोष दुरुस्तीची ठेकेदारावरची जबाबदारी) किती वर्षांची, त्या काळात खराब झालं तर ठेकेदार स्वखर्चाने करणार ना, आणि तक्रार कोणाकडे द्यायची, ते नाव आणि तारीख मागा.

एस्टिमेटची प्रत मिळाली की त्यातल्या आयटमची यादी इथे टाका, घरांचे पत्ते, नावं वगळून. गटार आणि खरवडणं त्यात आहे की नाही, ते मी बैठकीच्या आधी बघून सांगते.