मोकळी मेमरी दिसत नाही, स्वॅप बंद करू का?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, त्यावर लिनक्स आहे. ब्राउझर आणि एडिटर एवढंच चालू असतं, तरी ‘फ्री’ कमांड मोकळी मेमरी जेमतेम ३०० एमबी दाखवते आणि स्वॅप मात्र दीड जीबी वापरलेलं. एवढी मेमरी खातंय कोण? स्वॅप बंद केलं तर मशीन पळेल का? – एक वाचक

उत्तर: स्वॅपला, म्हणजे रॅम अपुरी पडली की डेटा ठेवायच्या डिस्कवरच्या जागेला, हात लावू नका. आधी ‘फ्री’ने दाखवलेला शेवटचा रकाना बघा, ‘अव्हेलेबल’. तुम्ही बघताय तो आकडा नुसत्या पडीक जागेचा आहे, आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पडीक जागा आवडत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली तो तिथे ठेवून देतो. कुणी जागा मागितली की त्यातल्या बऱ्याचशा लगेच टाकून देता येतात.

आता ‘खातंय कोण’. मी एकदा सी भाषेत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, तुमच्यासारख्याच ८ जीबीच्या मशीनवर. मॅलॉकने (सीमधलं मेमरी मागायचं फंक्शन) एकदम ६ जीबी मागितले. मिळाले! ‘टॉप’ कमांडमध्ये व्हर्ट (प्रोग्रॅमला दिलेले पत्ते) ६ जीबीच्या वर, पण रेस (त्याने खरोखर व्यापलेली रॅम) दोन एमबीसुद्धा नाही. कर्नलने फक्त पत्ते दिले होते, जागा नाही. मग दर ४०९६ बाइटला एक अक्षर लिहिणारा लूप लावला. प्रत्येक नव्या पानाला, म्हणजे मेमरीच्या तेवढ्या तुकड्याला, हात लागला की पेज फॉल्ट (‘इथे खरी जागा नाही’ अशी कर्नलला हाक), आणि तेव्हा कुठे कर्नल ४ केबीचं खरं पान काढून देणार. रेसचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढत गेला, आणि शेवटी शेवटी बाकीच्या प्रोग्रॅमची झोपलेली पानं स्वॅपमध्ये जायला लागली. तेव्हा व्हर्ट बघून घाबरू नका, रेस बघा. (त्यातही सामायिक लायब्रऱ्या प्रत्येकाच्या खात्यात मोजल्या जातात, त्यामुळे बेरीज करत बसू नका.)

तुमचं दीड जीबी स्वॅप बहुधा असंच झोपलेलं आहे: सकाळी उघडून विसरलेले टॅब, सुरू होताना एकदाच लागलेला डेटा.

स्वॅप बंद करण्याचा उद्योग मीही करून बसलोय. ‘स्वॅपऑफ’ केलं, दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत प्रोग्रॅम म्हणून चालणारा दुसरा संगणक) चालू केली आणि माउसचा बाण जागीच थिजला, डिस्कचा दिवा विझेना. स्वॅप नसताना डिस्क कशाला एवढी राबतेय? कारण प्रोग्रॅमचा डेटा ठेवायला बाहेर जागाच उरली नव्हती. मग कर्नलने चालू प्रोग्रॅमच्या कोडची पानं टाकायला घेतली. ती फायलीत असतातच, पुन्हा वाचता येतात. टाकायची, लगेच लागली की परत वाचायची, पुन्हा टाकायची. शेवटी ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणारा कर्नलचा भाग) आला आणि सगळ्यात जाडजूड गिऱ्हाईक म्हणून माझी व्हर्च्युअल मशीनच मारून गेला, आत न साठवलेल्या कामासकट.

मशीन रेंगाळत असेल तेव्हा ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने शून्याजवळ राहिले, तर दोष स्वॅपचा नाही. दोन्ही सतत शेकड्या-हजारांत खेळत असतील, तर रॅम खरोखर कमी पडतेय. टॅब मिटा, नाहीतर रॅम वाढवा.