जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ट्रान्समिशन ऑइल तपासताना इंजिन चालू ठेवायचं की बंद?

चालूच ठेवा, आणि तेही गाडी 15-20 मिनिटं फिरवून तेल गरम झाल्यावर. इंजिन बंद केलं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) तेल खाली पॅनमध्ये उतरतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. सपाट जागी हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून परत 'पी'वर (पार्क) आणा. डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) पुसून पूर्ण आत घाला, मग बाहेर काढून बघा. तेल 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवं. पुसायला धागे सुटणारं फडकं नको, आतले व्हॉल्व्ह फार नाजूक असतात. तेल लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर नुसती भर घालून भागणार नाही. मात्र होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत उलटं आहे: गरम इंजिन बंद करून 60 ते 90 सेकंदांत तपासायचं. त्यामुळे आधी मॅन्युअल बघाच.