बारुदीच्या शिंगाला पट्टा: कडी नको, वादी घ्या

तुम्ही विचारलंय की १७६०च्या सुमाराच्या अमेरिकन मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या सैन्याच्या, पोशाखासाठी बारुदीचं शिंग (बंदुकीची दारू ठेवायचं गुराचं पोकळ शिंग) घेतलंय, त्याला त्या काळाला धरून पट्टा कसा जोडायचा. आणि दुकानदार दोन्ही टोकांना पितळी कड्या घालून देतो म्हणतोय, ते चालेल का.

नाही चालणार. न्यूयॉर्कमधल्या लेक जॉर्ज, क्राउन पॉइंट या भागातल्या, ब्रिटिश-फ्रेंच युद्धाच्या १७५५ ते १७६३च्या मोहिमांतली किंवा १७७५-७६च्या बॉस्टनच्या वेढ्यातली कोरीव शिंगं नीट पाहा. मानेवर, म्हणजे तोंडाकडच्या अरुंद भागावर, कंगोरा ठेवलेला असतो आणि त्याच्या मागे खाच असते. ती खाच पट्ट्याच्या टोकाची वादी (चामड्याची अरुंद पट्टी) थेट बांधण्यासाठीच आहे. रुंद टोक बंद करणाऱ्या बुडाच्या लाकडाला बोंडी (गोल मूठ), लोखंडी कोयंडा किंवा खिळा असतो, नाहीतर शिंगाचाच एक कान पुढे ठेवून त्याला भोक पाडलेलं असतं. शिंग करणाऱ्याने जागा करून ठेवली आहे, मग मधे कडी कशाला? धातू शिंगावर घासून खाच खातो, चालताना वाजतो आणि शिंग मोकळं फिरत राहतं.

"दहा पावलांवरून कोणाला दिसतंय?" हे वाक्य जुन्या काळचे पोशाख घालून इतिहास उभा करण्याच्या या छंदातल्या लोकांकडून फार ऐकावं लागतं. दिसण्याचा प्रश्नच नाही, जोड चुकला की शिंग फुटतं. दुरुस्तीला आलेल्या एका शिंगाचं उदाहरण देतो, कारण हे सगळे उद्योग त्यात एकत्र होते. बूड पाइनचं, मधोमध आट्यांचा तयार हूक पिळून बसवलेला, त्यात किल्ल्यांची कडी आणि कडीत बुटाची नाडी. मुळात लाकडात पिळायचे टोकदार स्क्रूच १८४०च्या दशकात आले, त्याआधीचे बोथट टोकाचे होते. म्हणजे तो हूक शिंगाच्या काळानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी जन्मलेला. पण खरं नुकसान वेगळं होतं. आटे पिळताना पाइनच्या रेषा फाकतात आणि धावताना कडी प्रत्येक पावलाला हूक आडवा ओढते. बूड मध्यापासून कडेपर्यंत रेषेत चिरलं होतं, लाकूड आणि शिंग यांच्या सांध्यातलं मेण सुटलं होतं, तिथून बारूद झिरपत होती आणि दमट हवा आत जात होती.

ते असं दुरुस्त झालं. आधी शिंग रिकामं केलं, पाण्याने विसळलं आणि पूर्ण सुकू दिलं. (आत कण राहिले असताना ड्रिल किंवा गरम मेण जवळ आणायचं नाही, यात सवलत नाही.) हूक काढून भोक पाव इंचापर्यंत मोठं केलं. पाइनचीच किंचित निमुळती मेख करून, तिच्या रेषा बुडाच्या रेषांना समांतर ठेवून, सरसाने बसवली. सुपरग्लू नको, तो ठिसूळ असतो आणि पुढच्या दुरुस्तीच्या आड येतो. चीर आणि सांधा मधमाश्यांचं मेण आणि राळ वितळवून भरला. मग कोयंडा. लोखंडी तार १/८ इंच, पाय अर्धा इंच, टोकं छिन्नीसारखी घासलेली. दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेवर आले की बूड पुन्हा तिथेच चिरतं, म्हणून कोयंडा रेषांना आडवा बसवायचा. भोकं तारेपेक्षा थोडी बारीक पाडायची, ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करायची, भोकात मेण घालायचं आणि हलक्या हातोडीने ठोकायचं.

त्याआधी बूड किती जाड आहे ते पाहा. तोंडातून लवचिक तार बुडापर्यंत घाला आणि बाहेरून त्याच वळणाने मापलेल्या लांबीतून तारेची लांबी वजा करा. पाऊण इंचापेक्षा कमी भरलं तर कोयंड्याचा नाद सोडा. पाय आत निघतील आणि बारूद तिथूनच ओल धरेल. अशा शिंगाला बोंडी किंवा कान असेल तर त्यालाच बांधा. कानाच्या भोकाची कड मात्र गोल घासा, नाहीतर ती वादी सुरीसारखी कापते.

आता पट्टा. चामड्याचा हवा तर सालीने कमावलेलं गाईचं कातडं किंवा हरणाचं मऊ कातडं घ्या. क्रोमने कमावलेलं नको. त्या पद्धतीचं पेटंट १८८४चं आहे, शिवाय कापल्यावर आत निळसर-करडा रंग दिसतो. सालीचं कातडं कोल्हापुरी चपलेसारखं आतपर्यंत तपकिरी असतं. रुंदी एक ते दीड इंच, शेवटचे सहा-सात इंच निमुळते करत पाव इंचावर आणा, म्हणजे तेवढी वादीच तयार होते. वादी जिथे सुरू होते त्याच्या अलीकडे पाऊण इंचाची चीर द्या आणि चिरेच्या दोन्ही टोकांना आरीने गोल भोक पाडा. भोक नसेल तर चीर फाटत जाते. वादी खाचेत दोनदा गुंडाळा, चिरेतून काढा आणि निरगाठ मारा. सुरगाठ नको, ओझ्याने ती आवळत जाते. फास इतकाच सैल हवा की बारूद ओतताना शिंग त्यात वळेल, पण कंगोऱ्यावरून निसटणार नाही. बोंडीकडच्या टोकाला काजासारखी चीर पुरते, ती जोर लावूनच बोंडीवरून सरकली पाहिजे.

विणलेला पट्टा हवा तर लोकरीचा किंवा लिननचा, हातमागाच्या पट्टीचा, ज्यात ताणा वर दिसतो आणि बाणा झाकला जातो. न्यू इंग्लंडमध्ये घरोघरी फळीच्या छोट्या मागावर अशा पट्ट्या विणत. टोकाला ताण्याचे धागे मोकळे सोडून त्यांच्या दोन वेण्या घाला आणि त्यांनीच खाचेत बांधा. पट्टी कापून टोक दुमडून शिवली की ते जाड होतं आणि खाचेत बसत नाही. लोकर ताणली जाते, म्हणून रात्रभर अर्धा किलो वजन टांगून ठेवा आणि लांबी मग ठरवा. अमेरिकेतल्या आदिवासी स्त्रियांनी रानटी तागाच्या सुताने विणलेले, मूस या मोठ्या हरणाच्या केसांचं नक्षीकाम असलेले पट्टेही असतात. त्यांची छापील नक्कल घालू नका, त्यापेक्षा साधी निळी पट्टी बरी.

लांबी तयार घेऊ नका. जो कोट घालणार तो घालून, डाव्या खांद्यावरून सुतळी टाकून मापा. शिंग उजव्या काखेखाली, कमरपट्ट्याच्या वर, बरगडीला चिकटून राहिलं पाहिजे. मध्यम बांध्याला पट्टा साधारण ४० ते ५० इंच लागतो. ढुंगणावर आपटणारं शिंग दिसलं की समजा, पट्टा आरशासमोर मापलाय, धावून नाही. शिंगाचा बाक अंगाकडे हवा. डावखुरे असाल तर दुसऱ्या बाजूला वळलेलं शिंग शोधा. पट्टा उलटा करून तो प्रश्न सुटत नाही.

आणि शिंग गोळ्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला बांधून एकच जुडगा करायचा ही जी टूम आहे, ती तुमच्या १७६०ला लावू नका. जुडगा केलेल्या ज्या पिशव्या लोक पुरावा म्हणून दाखवतात त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या शिकाऱ्यांच्या आहेत. मोहिमेवरच्या माणसाचं शिंग स्वतंत्र पट्ट्यावर असायचं. पिशवी भरली की पट्टा खाली ओढला जातो आणि शिंग मांडीवर येतं, हे कोणीही दहा मिनिटं चालून पाहावं. तरी यावर हुज्जत घालणारे घालतातच.

आता हेही सांगायला हवं: १८२०-३०चा शिकारी उभा करत असाल तर जुडगा खुशाल करा. चामड्याच्या काही पट्ट्यांना लहान बकल असायचं, ते चूक नाही. पेन्सिल्व्हेनियाकडच्या, लेथवर कातलेलं तोंड आट्यांनी पिळून बसवलेल्या शिंगांची मान वेगळी असते, तिथे खाच तोंडाच्या तुकड्यावर आहे की शिंगावर ते आधी बघा. वादी तोंडाच्या तुकड्याला बांधलीत तर चालता चालता तोंडच पिळून सुटतं.

शिंग खरंच जुनं असेल तर यातलं काहीही करू नका, ठोकू तर अजिबात नका. त्यावरचा पट्टाही बहुधा नंतर कोणी बदललेला असतो, पण त्याच्यावर वजन टांगू नका. ठेवताना किडीची काळजी घ्या. लोकर खाणारी कीड शिंगही खाते, त्यामुळे दोन्ही एकत्र असले की तिला मेजवानीच. महिन्यातून एकदा खाच आणि बुडाचा सांधा भिंगाने तपासा, बारीक भुसा दिसला तर पट्टा लगेच वेगळा करा.

अनेक सरकारी ऐतिहासिक स्थळांवर सुटी बारूद शिंगात भरून आणू देत नाहीत, कागदी काडतुसंच वापरावी लागतात. आयोजकांना आधी विचारा. रिकाम्या शिंगाचं वजन कमी भरतं, तेव्हा मापं घेताना त्यात अर्धा पौंड कोरडे तांदूळ भरा आणि नंतर नीट ओतून काढा.