विचारलं, पण कुणी बोललंच नाही

या वेळच्या टपालात छंद वेगवेगळे आहेत, गाऱ्हाणं मात्र एकच: छंदाच्या ऑनलाइन गटात प्रश्न टाकला, लोकांनी पाहिला, आणि पुढे सामसूम. पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देतो आहोत.

प्रश्न : फिशटँक नवीनच आणला. आठवड्याभरात तीन मासे गेले. गटात फोटो टाकून विचारलं, ‘मासे मरताहेत, पाणी एकदम स्वच्छ आहे, काय करू?’ शेकडो लोकांनी पाहिलं. दोघांनी रडका चेहरा टाकला. उत्तर एकही नाही. माणसं इतकी तुसडी का असतात?

तुसडी नसतात, आळशी असतात. म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच. जाणकाराने तुमचा प्रश्न वाचला की त्याच्या डोक्यात लगेच उलटे प्रश्न उभे राहतात. टाकी किती लिटरची? सुरू करून किती दिवस झाले? मासे किती, एकदम सोडले की टप्प्याटप्प्याने? पाणी कधी बदललं? फिल्टर कशाने धुतला? हे सगळं त्याने विचारायचं, तुम्ही संध्याकाळी सांगायचं, त्याने दुसऱ्या दिवशी वाचायचं. एका उत्तरासाठी तीन दिवसांचं लचांड दिसलं की बोट आपोआप पुढच्या पोस्टकडे सरकतं.

आता ‘पाणी स्वच्छ आहे’ या वाक्याकडे बघा. पाणी नितळ दिसणं आणि ते माशांना सोसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर वाढतात, आणि त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतातच. थोडेफार रुजले असतील तर स्पंज नळाखाली धुतल्यावर क्लोरीन त्यांचा निकाल लावतं. तुमच्या प्रश्नात या साखळीतला एकही दुवा नव्हता.

तोच प्रश्न असा लिहिता आला असता:

‘६० लिटरची टाकी, सुरू करून ९ दिवस. पहिल्याच दिवशी ८ मासे सोडले. पाचव्या दिवशी स्पंज नळाखाली धुतला. पाणी अजून बदललेलं नाही. तापमान २७, पीएच ७.८, अमोनिया २ पीपीएम, नायट्राइट शून्य. मासे वर येऊन धापा टाकतात, पहिला सातव्या दिवशी गेला. आज किती पाणी बदलू?’

याला उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरतात. आत्ता निम्मं पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. एक-दोन दिवस खाद्य बंद. रोज अमोनिया मोजा आणि तो शून्याजवळ येईपर्यंत रोज पाणी बदलत राहा. पुढच्या वेळी स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा. पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) लिहायला सांगतात त्यालाही कारण आहे: २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे पाणी तपासायच्या किटवरचा आकडा तोच, पण मासे एका टाकीत तरतात आणि दुसरीत मरतात.

मोजायचं किट नसेल तर तसं लिहा. ‘किट नाही’ हीसुद्धा माहितीच आहे.

प्रश्न : ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर हात लावता येणार नाही इतका तापतो आणि थोड्या वेळाने बंद पडतो. ‘यापेक्षा मोठा हीट सिंक कुठला लावू?’ एवढा सरळ प्रश्न विचारला. गट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचाच आहे. तरी कुणी बोलेना.

प्रश्न सरळ आहे, पण चुकीच्या जागी उभा राहून विचारलेला आहे. तुम्हाला खरं तर ५ व्होल्ट हवे आहेत. त्यासाठी रेग्युलेटर, तो तापतो म्हणून हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), तो पुरत नाही म्हणून मोठा हीट सिंक, अशा तीन पायऱ्या उतरून तुम्ही शेवटच्या पायरीवरून हाक मारलीत. वरच्या पायऱ्यांवर काय आहे ते न दिसल्यामुळे जाणकाराला शंका येते की रोग भलताच आहे, आणि शंका असली की तो गप्प बसतो.

व्होल्टेज आणि करंट तुम्ही कळवलेले नाहीत. समजा आत १२ व्होल्ट येतात आणि बाहेर ०.६ अँपिअर जातो. मधले ७ व्होल्ट रेग्युलेटर उष्णतेतच घालवतो: ७ गुणिले ०.६, म्हणजे ४.२ वॉट. हीट सिंकशिवाय या टीओ-२२० आकाराच्या भागाचं तापमान दर वॉटमागे साधारण ६५ अंशांनी चढतं. दीड वॉटपर्यंत तो तग धरतो, त्यापुढे आतलं संरक्षण त्याला बंद करतं, थंड झाला की पुन्हा सुरू करतं. तुमचा ‘थोड्या वेळाने बंद’ बहुधा हाच.

उपाय दोन. आतलं व्होल्टेज उतरवा: ९ व्होल्ट दिले तर तोटा २.४ वॉटवर येतो. ७ च्या खाली मात्र जाऊ नका, याला डोक्यावर किमान दोनेक व्होल्ट जास्तीचे लागतात. नाहीतर ७८०५ काढून बक कन्व्हर्टर (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत न घालवता, भराभर चालू-बंद करून उतरवणारा) लावा, तिथे तेवढ्याच कामात अर्ध्या वॉटच्या आसपासच वाया जातं. दोन्हींपैकी एकातही मोठा हीट सिंक लागत नाही, आणि म्हणूनच तुमच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

पुढच्या वेळी पहिल्या ओळीत काय करायचं आहे ते लिहा, दुसरीत आतलं व्होल्टेज, बाहेरचं व्होल्टेज आणि करंट, आणि अडलं कुठे ते त्यानंतर. जोडणीचा फोटो नको, कागदावर हाताने काढलेली आकृती टाका. ब्रेडबोर्डवरच्या (वायरी खोचून सर्किट जोडायच्या पाटीवरच्या) वायरींच्या गुंत्यातून सर्किट शोधून काढायला लावणं हा समोरच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : पानाचा सुंदर, स्पष्ट फोटो टाकून ‘हे कुठलं झाड?’ विचारलं. ‘छान फोटो’ अशी दाद मिळाली. नाव नाही.

एका पानावरून ओळखता येणारी झाडं थोडी. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे फांदीचा फोटो असल्याशिवाय कळत नाही. तुम्ही तोडलंत ते अख्खं पान की संयुक्त पानाची एक पर्णिका, हेही कळत नाही. ते ओळखायची खूण सोपी आहे: पानाच्या देठाच्या बेचक्यात कोंब असतो, पर्णिकेच्या बुडाशी नसतो. फांदी, बेचकं, पानाची मागची बाजू, खोडाची साल, असेल तर फूल किंवा फळ, आणि मापासाठी शेजारी पट्टी. जंगलात दिसलं की कुणी लावलेलं, हेही लिहा. आणि तोडायच्या आधी फोटो घ्या.

प्रश्न : बागेत उगवलेल्या अळंबीचे चार बाजूंनी फोटो टाकले, तुम्ही वर सांगता तसा सगळा तपशील दिला. खाण्याजोगी आहे का, एवढंच विचारलं होतं.

इथलं मौन ठरवून पाळलेलं आहे आणि ते योग्य आहे. काही जीवघेण्या अमॅनिटा अळंब्यांची विषबाधा खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांनी जाणवते, तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. फोटोवरून ‘खा’ म्हणायला कुठलाच शहाणा जाणकार धजत नाही. जो धजतो त्याचं ऐकू नका. ‘ही कुठल्या कुळातली असेल?’ असं विचारा, सोबत बीजाणूंचा ठसा द्या (छत्री कापून तिची खालची बाजू कागदावर टेकवून ठेवायची, वर वाटी झाकायची, रात्रभरात रंग उतरतो), मग लोक मोकळेपणाने बोलतील. ती ओळखही खाण्याचा परवाना नव्हे.

प्रश्न : माझ्या प्रश्नात काहीच कमी नव्हतं. दुर्बीण ११४ मिलिमीटर आरशाची, नाभीय अंतर ९०० मिलिमीटर, डोळ्याजवळचं भिंग म्हणजे आयपीस १० मिलिमीटरचं. शनी कडेने सतत थरथरतो, कडी दिसते पण तीक्ष्ण होत नाही. आरशांची जुळणी तपासली, तारा फोकसबाहेर नेला तर वर्तुळं एककेंद्री दिसतात. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवली होती. दहा हजारांचा गट. दहा दिवस झाले, शुकशुकाट.

पत्र वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही सगळं नीट केलंत. तरीही हे घडतं, आणि त्याला एकापेक्षा जास्त कारणं आहेत.

पहिलं, तो दहा हजारांचा आकडा. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून बोलायला लावलं आणि मध्येच एकाला झटका आल्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण तो आवाज थांबण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. चार माणसांनी एवढा फरक पडतो, तर दहा हजारांचं काय! तुमचा प्रश्न वाचून कित्येकांच्या मनात ‘वरची हवा हलत असेल, दुसरं काय’ असं आलं असणार, आणि प्रत्येकाला वाटलं असणार की एवढं तर कुणीही सांगेल.

दुसरं, तुमच्या लिखाणात प्रश्नच नाही. माहिती आहे, तक्रार आहे, शेवटी प्रश्नचिन्ह नाही. वाचणाऱ्याला आपण नेमकं काय द्यायचं ते कळत नाही. सगळं बरोबर असताना ‘मग का?’ याचं उत्तर खात्रीने देणंही अवघड, आणि जाणकारांना गटात चारचौघांत चुकायची भीती नवख्यांपेक्षा जास्त असते.

म्हणून जे मोजता येतं ते विचारा. तुमचं १० चं आयपीस ९० पट (९०० भागिले १०) मोठं दाखवतं, २५ चं ३६ पट. ३६ पटीला शनी स्थिर आणि ९० ला उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसत असेल, तर संशय हवेवर. तो क्षितिजापासून किती अंशांवर होता तेही लिहा. ३० अंशांवर असताना प्रकाश डोक्यावरच्या दुप्पट हवेतून येतो, १५ अंशांवर जवळजवळ चौपट. मधे दिवसभर तापलेलं छप्पर असेल तर वेगळं सांगायलाच नको. मग प्रश्न असा होतो: ‘शनी २२ अंशांवर, ३६ पटीला स्थिर, ९० ला थरथरतो. ४० अंशांच्या वर येईपर्यंत थांबू की आरशात दोष शोधू?’ दोन पर्याय समोर ठेवले की लोक पटकन एक निवडतात. (थांबा. आणि एकाच रात्री निदान तासभर बघत राहा, मधूनच दोन-तीन सेकंद हवा स्थिरावते आणि कडीतली फट दिसून जाते.)

पोस्टचं शीर्षक तुम्ही कळवलेलं नाही. ‘मदत हवी’ असं असेल तर ते बदला. दहा दिवसांनी पुन्हा विचारायलाही हरकत नाही, पण जशीच्या तशी पोस्ट वर ढकलू नका. मधल्या काळात आणखी काय करून पाहिलंत ते पहिल्या ओळीत घालून विचारा. एकच प्रश्न एकाच दिवशी पाच गटांत टाकणं मात्र अंगाशी येतं. तीच माणसं पाचही गटांत असतात.

प्रश्न : मी दुसऱ्या बाजूचा. अनेक वर्षं एका गटात उत्तरं देत होतो. तेच ते प्रश्न, आणि उत्तर दिल्यावर पुढे काय झालं ते कुणी कळवतच नाही. आता थांबलोय. चुकतोय का?

चुकत नाही. फुकटच्या कामाला रजा लागत नाही. पण पुन्हा वाटलं तर दोन गोष्टी हलक्या करता येतील. तेच ते प्रश्न येतात तिथे लागणाऱ्या मोजमापांची यादी एकदाच लिहून ठेवा आणि तीच चिकटवा. आणि उलट विचारायचं झालं तर दहा गोष्टी विचारू नका, निम्म्या शक्यता एका फटक्यात बाद करणारी एकच विचारा. फिशटँकवाल्याला ‘टाकी किती दिवसांची?’ आणि सर्किटवाल्याला ‘बॅटरी जोडलेली असताना चिपच्या पायांवर किती व्होल्ट?’ एवढ्याने बरंच निभावतं.

पुढे काय झालं ते न कळवणाऱ्यांबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. उत्तर देणाऱ्याला धन्यवादाची भूक फारशी नसते, आपला अंदाज बरोबर निघाला का हे त्याला हवं असतं. ‘झालं, सुटलं, धन्यवाद’ याने ते कळत नाही, आणि दोन वर्षांनी तीच अडचण घेऊन शोधत येणाऱ्याच्या हातीही काही लागत नाही. सुटलं म्हणजे कसं सुटलं ते लिहायला एकच ओळ लागते. उदाहरणार्थ: ‘चिप ठीक होती. काही लांब ब्रेडबोर्डची पॉवरची पट्टी मधोमध तुटक असते हे माहीत नव्हतं, त्यामुळे उजव्या अर्ध्याला ग्राउंडच मिळत नव्हतं. मधे एक वायर टाकली, चाललं.’