बंद सोन्याच्या खाणीचं तोंड बुजवलं की दूषित पाणी थांबतं का?

नाही, नुसतं तोंड बुजवून भागत नाही. खडकातल्या पायराइटला (लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, त्यात लोखंड, जस्त, आर्सेनिक विरघळतं आणि हे पाणी आत तुंबत जातं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी खोदकाम चालू असताना ५ ऑगस्ट २०१५ रोजी असं तुंबलेलं पाणी फुटून बाहेर आलं. सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी वाहिलं, अ‍ॅनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली!

म्हणून पंपाने खाणीतल्या पाण्याची पातळी खाली ठेवतात आणि उपसलेल्या पाण्यात चुना मिसळतात. आम्लता उतरते, लोखंडाचा तांबूस गाळ तळाशी बसतो. गंधकाम्लातलं सल्फेट मात्र पाण्यात बरंच उरतं, गाळही सांभाळावा लागतो. हे वर्षानुवर्षं चालतं, म्हणून माझ्या मते त्याचे पैसे खाण सुरू होण्याआधीच कंपनीकडून ठेव म्हणून घ्यायला हवेत.