बॉम्ब मोजणाऱ्यांनी युद्धाच्या ठरावात का पडावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या अण्वस्त्रविरोधी संघटना मधूनमधून अण्वस्त्रं सोडून 'राष्ट्राध्यक्षाला युद्धाची परवानगी दिली कोणी' यावरच भांडताना दिसतात. हे त्यांचं काम आहे का? आणि तो सैन्याचा प्रमुख आहे ना, मग परवानगी कसली?

उत्तर: प्रमुख आहे हो, पण युद्ध पुकारायचा अधिकार त्यांच्या घटनेनं काँग्रेसला दिलाय (म्हणजे तिकडच्या संसदेला, आपल्या पक्षाला नाही!). आणि या संसदेनं रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते जून 1942 मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रोमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, घोषणा कशाचीच नाही. मग 1973 मध्ये निक्सनचा व्हेटो झुगारून कायदा केला की सैन्य लढाईत उतरवलं तर 48 तासांत कळवा आणि मंजुरी मिळाली नाही तर 60 दिवसांत थांबा. ऐकायला एकदम कडक, पण 2011 मध्ये लिबियात ते 60 दिवस उलटले तेव्हा ओबामा सरकारनं सांगितलं, की कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच. सरकारी वकिलांना तोड नाही!

2001 चा लष्करी बळ वापरायची परवानगी देणारा ठराव तर त्याहून भारी. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांत पास, खालच्या सभागृहात 420 विरुद्ध 1, आणि विरोधातली ती एक म्हणजे खासदार बार्बरा ली. ठरावात ना कुठल्या देशाचं नाव ना मुदत, त्यामुळे तोच कागद पुढे आयसिसविरुद्धही वापरला गेला.

आता संघटनांचं. अणुबॉम्बच्या कामात सुरुवातीपासून असलेल्या लिओ झिलार्डनं 1962 मध्ये 'कौन्सिल फॉर अ लिव्हेबल वर्ल्ड' काढली तीच मुळी सिनेटवर (काँग्रेसच्या शंभर जणांच्या वरच्या सभागृहावर) डोळा ठेवून, कारण कुठल्याही कराराला तिथं दोन तृतीयांश मतं लागतात. 1999 मध्ये अणुचाचणीबंदी करार 48 विरुद्ध 51 नं पडला, 2010 मध्ये रशियाबरोबरचा अण्वस्त्रकपातीचा करार 'न्यू स्टार्ट' 71 विरुद्ध 26 नं तरला. युद्धाच्या ठरावावर मत देणारे पण हेच शंभर लोक. शिवाय 2002 चा इराकचा ठराव महासंहारक शस्त्रांच्या नावावरच 77 विरुद्ध 23 नं पास करून घेतला आणि नंतर ती शस्त्रं सापडलीच नाहीत, म्हणजे विषय थेट यांच्याच अंगणातला की. मला विचाराल तर तेव्हा गप्प बसले असते तर संघटना बंद केलेली बरी.

आणि अण्वस्त्र डागायला तर राष्ट्राध्यक्षाला कुणाचीच संमती लागत नाही. काँग्रेसनं युद्ध पुकारल्याशिवाय पहिला अणुहल्ला करायचा नाही असं विधेयक सिनेटर एड मार्की आणि खालच्या सभागृहातले टेड ल्यू यांनी 2016 पासून अनेकदा मांडलंय, अजून पास झालेलं नाही.